म्हाताऱ्यानं काढलेलं उणं

कोल्हापुरात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आम्हाला प्रकल्प होता. मॅडमनी विषयांची यादी फळ्यावर लिहिली आणि प्रत्येकानं उठून आपला विषय निवडायचा होता. मी नेहमीसारखी मागे राहिले. माझी पाळी आली तेव्हा एकच विषय उरला होता: जगभरातले मुखवट्यांचे नाच आणि प्रवाशांनी ते कुठे पाहावेत. मॅडमनी सहज विचारलं, "तुमच्या मुरगूडच्या बाजूला असतं का असं काही?"

मी नाही म्हणाले.

नाही का म्हणाले ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. मुरगूडच्या पुढे आमचं गाव. तिथे होळीच्या दुसऱ्या दिवशी मुखवटा घालून नाचतात आणि तो मुखवटा माझे वडील घालतात. पण पहिल्या वर्षाला होस्टेलवर मी घरच्यासारखी "मी जेवलो" म्हणाले होते, तेव्हा मुली आठवडाभर "जेवलास काय रे" म्हणून हसल्या होत्या. आमच्याकडच्या बायका असंच बोलतात, हे त्यांना सांगायचा धीर मला झाला नाही. तेव्हापासून घरचं काही ओठावर आलं की मी ते आधी तपासून बघायचे आणि बहुतेक वेळा आतच ठेवायचे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. काय सांगायचं आणि काय झाकायचं, हे विचारायला कुणी नव्हतं.

प्रकल्प मात्र मी मनापासून केला. भूतानमध्ये मठांच्या अंगणात भिक्षू मुखवटे घालून नाचतात. पारोला जायचं तर वसंतात जावं आणि पहाटेच जागा धरावी, असं मी लिहिलं. मेक्सिकोत एका तळ्याकाठच्या गावांत तरुण पोरं म्हाताऱ्यांचे मुखवटे घालून काठ्या टेकत नाचतात. स्वित्झर्लंडच्या एका दरीत लाकडी मुखवटे आणि केसाळ कातडी घातलेले बाप्ये रस्त्यात माणसांना धरून बर्फ चोळतात. मी तोवर पुणंसुद्धा बघितलं नव्हतं, आणि वहीत लिहीत होते, "उबदार कपडे सोबत ठेवावेत."

कोरियाचं वाचताना मी थांबले. तिथल्या एका जुन्या गावात मुखवटे घातलेली माणसं गावच्या बड्या लोकांची, पंडितांची, भिक्षूंची टिंगल करतात. बडे लोक ते समोर बसून बघायचे, आणि त्यांचाच त्या खेळाला आधार असायचा. हे मी दोनदा वाचलं. मग दुसऱ्या दिवशी मॅडमना जाऊन सांगितलं, की आमच्या गावातही असं आहे.

आमच्या मुखवट्याला गावात "म्हातारं" म्हणतात. पांगाऱ्याच्या लाकडाचा, तोंड एका बाजूला वाकडं, दात नाहीत, वर तागाचे केस. आमच्या घराकडे त्याचा मान आहे. शिमग्याचं म्हातारं हलगीमागून घरोघर जातं आणि प्रत्येक दारात त्या घराचं एक उणं काढतं. म्हणजे त्या घरातली झाकलेली गोष्ट सगळ्यांसमोर नकलेत करून दाखवतं. घरच्यांनी रागवायचं नाही. त्याच्या पायावर तांब्याभर पाणी घालायचं, हातावर गुळाचा खडा ठेवायचा आणि हसून म्हणायचं, "ग्वाड झालं, म्हातारबा."

ही उणी वडील शोधत नाहीत. आठ दिवस आधीपासून मागच्या दारानं माणसं येतात आणि सांगून जातात. सांगताना वडिलांच्या तोंडाकडे बघायचं नाही, मांडीवरच्या मुखवट्याकडे बघून बोलायचं. कुणी सांगितलं ते बाहेर जात नाही. आणि सांगितलेलं म्हाताऱ्याला गिळता येत नाही, ते दारात काढावंच लागतं. या सगळ्याच्या बदल्यात एक नेम गाव कडक पाळतं: म्हाताऱ्यानं काढलेलं उणं पुन्हा कुणी तोंडावर आणायचं नाही. भांडणातसुद्धा नाही. ते त्या दिवशी मिटलं.

वडिलांना मी आबा म्हणते. एरवी ते गावच्या दूध संस्थेत मापाला असतात. सकाळ-संध्याकाळ अख्खं गाव त्यांच्यासमोर किटल्या घेऊन उभं असतं आणि ते कुणाशी चार शब्द बोलत नाहीत. वर्षातनं एकदाच बोलतात, आणि तेही दुसऱ्याच्या तोंडानं.

मॅडमना हे फार आवडलं. त्यांच्या ओळखीचे एक सर होते, शाहूपुरीत त्यांचं सहलींचं ऑफिस होतं. सरांनी माझा प्रकल्प वाचला, मला बोलावून घेतलं. त्यांच्याकडे एक परदेशी जोडपं येणार होतं, दोघंही निवृत्त शिक्षक. "तुमच्या गावचं दाखवू त्यांना," सर म्हणाले. "नीट जमलं तर परीक्षेनंतर इथेच ये. लिहिणारं माणूस मला पाहिजेच आहे."

घरी ठरलं होतं की निकाल लागला की माझ्यासाठी स्थळ बघायचं. नोकरी लागली तर आबा थांबायला तयार होते. त्यामुळे ते दार मला उघडं दिसलं आणि मी दुसरीकडे बघायचं सोडून दिलं.

दुसरीकडे म्हणजे शेजारी. आमच्या भिंतीला भिंत लागून माझ्या मैत्रिणीचं घर. दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. तिचा पहिला नंबर असायचा, माझा चौथा-पाचवा. बारावीनंतर तिचं लग्न झालं, हातकणंगल्याकडचं घर, नवरा कारखान्यात कामाला. माघात ती आईच्या ऑपरेशनसाठी म्हणून माहेरी आली. पित्ताशयातले खडे काढले, टाके सुकले, तरी ती इथेच होती. गावाला वाटत होतं की आईची काळजी घेते आहे. खुद्द तिच्या आईलाही तसंच वाटत होतं.

खरं काय ते तिनं मला एकटीला सांगितलं होतं, आमच्या परड्यात, गोवऱ्या रचताना.

"माझा नंबर बंद करून ठेवलाय त्यांनी," ती म्हणाली. "लावला की ती मशिनीतली बाईच बोलती."

"कवापासनं?"

"आलो त्या दिवसापासनं. मग मी दुसऱ्याच्या फोनवरनं लावतो. उचलत्यात, माझा आवाज आला की ठेवत्यात. मग त्योबी नंबर बंद."

"भांडलासा काय?"

"भांडाय तरी बोलाय लागतंय की," ती म्हणाली आणि हसली.

मग तिनं पुढचं सांगितलं. लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थानं आईला कळू न देता तिच्या वडिलांशी आणि सासरी बोलणी केली होती. पाडव्याला नवरा येऊन तिला घेऊन जाणार होता. त्यांच्याकडची अट एकच होती: गावात बोभाटा नको. आईच्या दुखण्याला आली होती, बरं वाटलं, गेली. एवढंच दिसलं पाहिजे. "पंधरा-वीस दिवस काढायचं न्हवं," ती म्हणाली. "तू कुणाला बोलू नकोस हां." मग माझा फोन मागून घेतला आणि गोवऱ्यांच्या आड जाऊन लावला. पाठमोरी उभी होती. फोन परत दिला तेव्हा स्क्रीन घामानं ओली होती.

मी कुणाला बोलणार नव्हते. होळीच्या चार दिवस आधी, मी सुट्टीला घरीच असताना, सरांचा फोन आला. ते म्हणाले, "पाहुण्यांना मराठी येत नाही. नुसतं बोलणं असेल तर ते कंटाळतील. काहीतरी असं हवं की बघितल्या बघितल्या कळेल."

त्या दिवशी संध्याकाळच्या धारा झाल्यावर आबा गोठ्याच्या कडेला मुखवट्याला नवा ताग बांधत बसले होते. मी समोर जाऊन बसले.

"आबा, एक सांगायचं हाय."

"मला का म्हाताऱ्याला?"

"म्हाताऱ्याला."

त्यांनी मुखवटा मांडीवर उताणा ठेवला. मी त्या वाकड्या तोंडाकडे बघत सगळं सांगितलं. फोनचं, दुसऱ्यांच्या फोनचं, ठेवून देण्याचं. पाडव्याचंही सांगितलं. सांगून झालं तरी आबा ताग वळत राहिले.

"तिनं तुला सांगितलं व्हय हे?"

"व्हय."

"आणि तू हितं सांगालीस."

"पावण्यास्नी मराठी कळत न्हाय, आबा. हातानं दाखवता येईल असं पायजे. फोन सगळ्या जगात कळतोय."

"ते पोह्याचं हाय की. मळ्यातल्या बिनलग्नाच्या पोराचं."

"त्यांच्यात पोरगी बघाय जाऊन पोहं खात न्हाईत."

आबांना हसू आलं नाही. मी पुढे म्हणाले, "आणि एकदा म्हाताऱ्यानं काढलं की मिटतंय की. पुन्हा कोण बोलणार न्हाय. तिच्याबी डोक्यावरचं उतरंल."

हे मला त्या वेळी खरंच पटलं होतं. निदान तसं मला वाटतं. पण त्याच्याखाली आणखी एक गोष्ट होती, ती लिहायला मला जड जातं. जिचा नेहमी पहिला नंबर यायचा ती दुसऱ्यांचे फोन मागत फिरते आहे, हे तोंडानं सांगताना मला थोडं बरं वाटत होतं.

आबांनी माझ्याकडे बघितलं. "लई शिकलीस," ते म्हणाले. मग मुखवटा पोत्यात घालून आत गेले. त्या घराचं दुसरं कुणीच काही सांगितलं नव्हतं. आईच्या ऑपरेशनमुळे लोकांनी यंदा ते घर सोडून दिलं होतं.

होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सर, मॅडम आणि ते जोडपं नऊ वाजताच आलं. आईनं पुरणपोळी दिली. परदेशी बाईंनी ती हातानं खाल्ली आणि मला सारखं काय काय विचारत राहिल्या. फार प्रेमळ होत्या. सरांनी कॅमेरा गळ्यात अडकवला. मैत्रीण भिंतीवरून डोकावली आणि मला म्हणाली, "बघ आज, आमच्या आईचं खडं परत काढतंय म्हातारं." तिला तेवढीच भीती होती, आणि त्यात भिण्यासारखं काही नव्हतं. मी म्हणाले, "बघू की."

पहिलं घर निवडणुकीत पडलेल्या एकाचं होतं. म्हाताऱ्यानं दारात उभं राहून बोटं मोजली. "घरात मतं पाच," ते म्हणालं आणि पंजा दाखवला. मग पुन्हा मोजलं. "पेटीत निघाली तीन." मग त्यानं घरातल्या एकेकाच्या तोंडाजवळ जाऊन वास घेतला. थोरल्या सुनेपाशी जरा जास्त वेळ थांबलं. लोक लोळून हसले. घरचा मालक पाणी घालताना सुनेकडे बघत होता. मी पाहुण्यांना इंग्रजीत समजावत होते. माझं इंग्रजी अडखळत होतं आणि समजून सांगेपर्यंत हसण्याची वेळ निघून गेली होती. परदेशी बाई भल्या मनानं मान हलवत होत्या. सर माझ्या कानाशी म्हणाले, "पुढं आहे ना काहीतरी?"

दुसऱ्या दारात पोह्यांचं झालं. पस्तिशी गाठलेला, पोरगी मिळत नसलेला तो शेतकरी पोरगा उंबऱ्यात उभा होता. म्हातारं अदृश्य बशीतून पोहे खात होतं, ढेकर देत होतं, उठून पुढच्या पोरीच्या घरी जात होतं आणि परत पोहे खात होतं. शेवटी पोट धरून खाली बसलं. "पोरगी नको," म्हणालं, "आता सोडा द्या." त्या पोराच्या आईनं पदराआड तोंड नेलं. तो पोरगा हसत "ग्वाड झालं" म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

मग ते मैत्रिणीच्या अंगणात शिरलं.

तिची आई बाहेर खुर्चीवर बसली होती. मैत्रीण पायरीवर तांब्या घेऊन उभी, चेहरा हसरा, तयार. हलगी थांबली. म्हाताऱ्यानं पायातलं एक पायताण काढलं आणि कानाला लावलं.

"हालो."

थोडा वेळ काही नाही. मग त्यानं पायताण हलवून बघितलं, पुसलं, दुसऱ्या कानाला लावलं. "हालो, मी बोलालोय." आणि लगेच नाकातून, त्या यंत्रातल्या बाईच्या आवाजात: "आपण डायल केलेला नंबर सध्या उपलब्ध नाही."

परदेशी बाई मोठ्यांदा हसल्या. त्यांना कुणी काही सांगावं लागलं नाही. सर कॅमेरा घेऊन पुढे सरकले.

म्हातारं गर्दीत घुसलं. "मावशे, तुझा दे की जरा. माझ्यातलं बॅलन्स संपलंय." तिचं पायताण काढून घेतलं, कानाला लावलं. "हालो." मग थोबाडीत बसल्यासारखं डोकं मागे गेलं. दुसरीकडे गेलं. "काकी, तुझा दे." परत डोकं मागे. तिसरीकडे, चौथीकडे. हातात पायताणांची चळत झाली. बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. आणि मग त्या हसण्यातच एक जण म्हणाली, "अगं, माझ्याबी फोनवरनं लावलंतं की तिनं."

"माझ्याबी."

"मला म्हणाली, आईच्या रिपोर्टचं इचारायचं हाय."

हसणं थांबलं नाही, फक्त त्याचा सूर खाली गेला. आता सगळे पायरीकडे बघत होते. म्हाताऱ्यानं सगळी पायताणं जमिनीवर ठेवली, शेवटच्या एकावर कान टेकून कुशीवर झोपलं आणि बारीक आवाजात म्हणालं, "अवो, उचला की. मीच हाय."

हे मी सांगितलं नव्हतं. ते आबांचं स्वतःचं होतं. ज्या माणसाला मी कधी कुणाची विचारपूस करताना ऐकलं नाही, त्याला तिचा आवाज कुठून सापडला कोण जाणे.

तिची आई खुर्चीवरून विचारत होती, "कुणाचं गं हे? कुणाचं म्हणालंय त्ये?" मैत्रीण पायऱ्या उतरली. म्हातारं उठून उभं राहिलं. तिनं त्याच्या पायावर पाणी घातलं, तांब्या रिकामा झाला तरी वाकडाच धरून ठेवला. मग गूळ दिला. नेमाप्रमाणे हसली. "ग्वाड झालं, म्हातारबा."

परदेशी बाई पुढे झाल्या, त्यांनी तिच्या खांद्याभोवती हात टाकला आणि नवऱ्याला फोटो काढायला सांगितलं. काहीतरी म्हणाल्या. मैत्रिणीनं मला विचारलं, "काय म्हणाली?"

"छान हसतीस म्हणाली."

"व्हय?" ती म्हणाली. ती माझ्याकडे बघत होती. परड्यात आम्ही दोघीच होतो, हे तिला मोजून बघावं लागलं नसणार. मी हलगीच्या दिशेनं निघून गेले, कारण पाहुण्यांना पुढचं घर दाखवायचं होतं.

दुपारी आबा मोरीवर तोंड धूत होते. घामानं मुखवट्याचा गेरू गालाला लागला होता. मी टॉवेल घेऊन उभी राहिले. ते म्हणाले, "तू सांगितलंस, म्हाताऱ्यानं काढलं. आता मिटलं. तिच्या दारात जाऊन रडाय बसू नकोस."

आणि खरंच मिटल्यासारखं झालं. गाव नेमाला चुकलं नाही. नळावर, दूध संस्थेत, देवळापाशी कुणी एक शब्द काढला नाही. जी "माझ्याबी" म्हणून ओरडली होती तीच दुसऱ्या दिवशी मैत्रिणीच्या आईला ताक घेऊन आली. मैत्रीण माझ्याशी बोलत नव्हती, पण मला वाटलं, बोलेल. तीन दिवस मी स्वतःला सांगत होते की मी केलं ते फार वाईट नव्हतं.

चौथ्या दिवशी मी कोल्हापुरात परत आल्यावर सरांनी तयार केलेला व्हिडिओ मला पाठवला. खाली टाकायला चार ओळी लिहून दे म्हणाले. व्हिडिओत बाकीची घरं जवळजवळ नव्हतीच. पायताणाचा फोन होता, पडून हसणाऱ्या बायका होत्या, आणि शेवटी तिचा चेहरा, अगदी जवळून, हसताना.

मी ते होस्टेलच्या जिन्यात बसून पाच-सहा वेळा बघितलं. तो भाग काढा, असं सरांना म्हणता आलं असतं. म्हणायचं कसं याची वाक्यंही मनात जुळवली. मग मी ओळी लिहिल्या. कोल्हापूरपासून दीड तास. होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत पोचावं. पुढची जागा धरावी. आणि शेवटची ओळ: "इथे ज्याचं उणं निघतं, तोही सगळ्यांबरोबर हसतो." सरांनी उलट निरोप पाठवला, "फार सुंदर. जूनपासून ये." मी खोलीत जाऊन मैत्रिणींना सांगितलं, आणि त्यांनी माझ्यासाठी वडापाव आणले.

आमच्या गावानं हजारदा पाळलेला नेम त्या व्हिडिओला माहीत नव्हता. म्हाताऱ्यानं एकदा म्हटलेलं तो दिवसातनं वाटेल तितक्या वेळा म्हणत होता, आणि जे कुणी बघत होते त्यांच्यावर गप्प बसायचं बंधन नव्हतं. गावोगावच्या व्हॉट्सअॅप गटांतून तो फिरला. कुणीतरी त्यावर गाणं लावलं. हातकणंगल्याला तिच्या नणंदेला तो तिकडच्याच कुणीतरी पाठवला. पाडव्याच्या आदल्या दिवशी मध्यस्थ आला, तेव्हा मी सुट्टीला घरी होते. भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

"अट काय होती आपली?" मध्यस्थ म्हणत होता.

"चुकलं असंल," तिचे वडील म्हणाले. "शिमग्याचं हाय त्ये. आमच्यात कोण मनाव घेत न्हाय."

"तुमच्यात न्हाय घेत. त्याला कारखान्यात पोरं पायताण कानाला लावून दाखवाल्यात. कुठल्या तोंडानं यावं त्यानं?"

थोड्या वेळानं तिचा आवाज आला. "मी त्यास्नी फोन करून सांगतो. म्हणावं, मी कुणाला…" आणि तिथेच थांबली. आमच्या स्वयंपाकघरात आईनं गुढीच्या साखरेच्या गाठी ताटात ठेवल्या आणि मला म्हणाली, "दार लाव ते."

पाडव्याला कुणी आलं नाही.

त्यानंतरच्या सोमवारी मी शाहूपुरीत गेले. "सर, तो व्हिडिओ काढता येईल का?"

"का? काय झालं?"

"त्या मुलीच्या घरी अडचण झालीय."

"अगं, पण ती हसतेय की त्यात."

"सर, हसावंच लागतं."

"म्हणजे?"

मी सांगायला लागले. नेम सांगितला, पाणी, गूळ सांगितला. सर ऐकत होते, ते काही वाईट माणूस नाहीत. ऐकून झाल्यावर म्हणाले, "मला कळतंय. पण लोक चौकशी करतायत ते तोच बघून. पुढच्या वर्षाचे दोन गट त्याच्यावर ठरलेत. असं कर, दुसरं एखादं गाव सुचव, पुढे तिथलं करू." मग थांबून म्हणाले, "तू जूनपासून येतेयस ना?"

नाही म्हणायची जागा ती होती. मला ती दिसली होती. मी म्हणाले, "हो सर."

आता मी तिथेच काम करते. जगभरातल्या मुखवट्यांवर लिहिलेलं माझं पान ऑफिसच्या वेबसाइटवर आहे आणि ते बरंच वाचलं जातं. लिहिण्यासाठी मी पुन्हा पुन्हा त्याच नाचांचे व्हिडिओ बघते. पूर्वी मी मुखवटे बघायचे. आता कॅमेरा चुकून गर्दीवर जातो तेव्हा मी थांबवून बघते, की आज कुणाची पाळी आहे. बर्फ चोळून घेणारी एखादी पोरगी असते. ती हसत असते. प्रवाशांसाठी मी लिहिते, वातावरण खेळीमेळीचं असतं.

वैशाखात हातकणंगल्याहून टेम्पो आला. रुजू व्हायच्या आधी मी घरी होते. लग्नात दिलेलं सामान त्यांनी परत पाठवलं होतं: पलंग, मिक्सर, तिचं नाव कोरलेली भांडी, आणि लोखंडी कपाट. ड्रायव्हर एकटाच होता. त्याच्याबरोबर सासरचं कुणी आलं नव्हतं. गल्लीतली माणसं न बोलावता जमली आणि सामान उतरवायला लागली. कुणी काही विचारलं नाही. आबा कपाटाच्या खालच्या बाजूला होते.

ती पायरीवर उभी राहून वाट दाखवत होती. "आबा, तुमच्या अंगानं वाईच उचला. व्हय. उंबऱ्याला लागंल, बघा." आबांशी ती नेहमीसारखीच बोलत होती. मुखवट्याचा राग माणसावर धरायचा नाही, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

एका कोपऱ्याला माणूस कमी होता. मी पुढे होऊन हात घातला. पत्रा उन्हानं तापलेला होता. आम्ही दोन पायऱ्या चढलो. तेव्हा ती माझ्याकडे वळली. आवाज चढलेला नव्हता. दारात आलेल्या अनोळखी माणसाशी बोलावं तशी बोलली.

"पावणं, तुम्ही सोडा. आमचं आम्ही घेतो."

आबा खाली बघत होते. मी हात काढला. माझ्या जागी दुसऱ्या कुणीतरी हात घातला आणि कपाट आत गेलं.